धाग्यांचा माग काढणारे वाल्टर फ्लेमिंग



फ्लेमिंग हे नाव तुम्हांला नवीन नाही. दहावीत विद्युतधारेचा धडा शिकताना डाव्या हाताची तीन बोटे एकमेकांना काटकोनात धरून दिशा ठरवावी लागते. तो नियम इंग्लंडच्या जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग हे स्कॉटलंडचे. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते फ्लेमिंग तिसरे. ते जर्मनीचे. अकरावीत पेशीविभाजनाचा जो धडा असतो, त्याचा पाया त्यांनी घातला. तरीही सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत त्यांचे नाव क्वचितच विचारले जाते.

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था या चार अवस्था परीक्षेच्या आदल्या रात्री बरेच जण घोकतात. चार चौकटी, चार आकृत्या आणि पाच गुण, एवढाच त्यांचा हिशेब असतो. पण मुळात या चौकटी कोणी आखून ठेवलेल्या नव्हत्या. पेशीच्या आत काय घडते आणि कोणत्या क्रमाने घडते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तो क्रम लावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा वाल्टर फ्लेमिंग यांचा आहे.

बालपण आणि शिक्षण

वाल्टर फ्लेमिंग यांचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात, श्वेरिन शहराजवळच्या झाक्सेनबर्ग येथे झाला. त्यांचे वडील कार्ल फ्रीडरिश फ्लेमिंग हे नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ होते. झाक्सेनबर्गच्या मनोरुग्णालयाचे ते प्रमुख होते. वाल्टर हे त्यांचे पाचवे अपत्य आणि एकुलते एक पुत्र. श्वेरिनच्या शाळेत त्यांची हाइनरिश झाइडेल या मुलाशी मैत्री झाली. हा मित्र पुढे लेखक म्हणून प्रसिद्ध झाला आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली.

वडिलांप्रमाणे वाल्टर यांनीही वैद्यकाचा अभ्यास निवडला आणि १८६८ मध्ये तो पूर्ण केला. १८७०-७१ मध्ये जर्मनी व फ्रान्स यांच्यात युद्ध झाले, तेव्हा त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. मात्र दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांचे मन सूक्ष्मदर्शकात अधिक रमत होते. १८७३ पासून ते प्राग येथे शिकवू लागले. १८७६ मध्ये बाल्टिक समुद्राच्या काठावरील कील शहरातील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांचे पुढचे आयुष्य कीलमध्येच गेले आणि त्यांचे महत्त्वाचे सर्व काम तिथेच झाले.

त्या काळातला प्रश्न

फ्लेमिंग कामाला लागले तेव्हा सजीव पेशींचे बनलेले असतात ही गोष्ट सिद्ध झालेली होती. श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल ती मांडली होती. परंतु नवीन पेशी येते कुठून? साखरेच्या पाकात जसे खडे धरतात, तशा नव्या पेशी द्रवातून तयार होत असाव्यात, असे या दोघांना वाटत होते. पुढे रेमाक आणि फिरखो या जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिले की पेशी ही पेशीपासूनच होते. १८५५ पासून हे मत रुजत गेले.

पण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहिला. पेशीच्या मध्यभागी केंद्रक नावाचा एक गोळा असतो. पेशी दुभंगते तेव्हा या केंद्रकाचे काय होते? काहींच्या मते तो मधोमध चिमटला जाऊन त्याचे दोन तुकडे होत. काहींच्या मते तो विरघळून नाहीसा होई आणि दोन नव्या पेशींत दोन केंद्रके नव्याने तयार होत. दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून आकृत्या होत्या, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींसारखे काहीतरी दिसत असे.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण विचार करून पाहा. तुमचे शरीर एका पेशीपासून सुरू झाले. केंद्रक दर वेळी विरघळून नाहीसा होत असेल, तर एका पेशीतले काय दुसऱ्या पेशीत जाते? आंब्याच्या कोयीतून आंबाच येतो आणि मुलाचे नाक आजोबांसारखे निघते, हे कशामुळे? वारशाची गोष्ट कुठे जपून ठेवलेली असते, हा प्रश्न त्या गोळ्याच्या भवितव्यात दडलेला होता.

एका लहान प्राण्याची मदत

पेशीच्या आतले पाहायचे तर पेशी मोठी हवी आणि आरपार दिसणारी हवी. फ्लेमिंग यांनी त्यासाठी सॅलॅमँडर हा प्राणी निवडला. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या जातकुळीतला हा प्राणी युरोपातल्या ओलसर जंगलांत राहतो. आपल्याकडे तो सहसा दिसत नाही. त्याचा एक नातेवाईक दार्जिलिंगच्या परिसरात सापडतो. सॅलॅमँडरची पिल्ले पाण्यात वाढतात. त्यांचे कल्ले आणि शेपटीभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की त्यातल्या पेशी जिवंतपणीच पाहता येतात. शिवाय या पेशी आणि त्यांची केंद्रके आकाराने मोठी असतात. पिल्लू वाढत असल्यामुळे त्याच्या पेशी सतत विभागत असतात. निवड अचूक होती.

तरीही एक अडचण होतीच. पेशीचा आतला भाग जवळजवळ रंगहीन असतो. पाण्याच्या पेल्यात काचेचा तुकडा ठेवला तर जसा चटकन दिसत नाही, तसेच हे. यावर उपाय मिळाला तो कापड रंगवण्याच्या धंद्यातून. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून जांभळा रंग तयार केला होता. त्यानंतर असे कृत्रिम रंग तयार करणारे कारखाने जर्मनीत भराभर निघाले. शास्त्रज्ञांनी हे रंग पेशींवर टाकून पाहिले. फ्लेमिंग यांना आढळले की केंद्रकातला एक भाग हे रंग अधाशासारखे शोषून घेतो आणि बाकीची पेशी फिकट राहते. या भागाला त्यांनी १८७९-८० च्या सुमारास क्रोमॅटिन असे नाव दिले. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग. तो पदार्थ काय आहे हे अजून कळलेले नव्हते. म्हणून जे डोळ्यांना दिसले, तेवढेच त्यांनी नावात ठेवले.

पेशी मरताना तिचा आकार बिघडू नये यासाठी त्यांनी क्रोमिक आम्ल, ऑस्मिक आम्ल आणि असेटिक आम्ल यांचे एक मिश्रण तयार केले. ते आजही फ्लेमिंगचे द्रावण म्हणून ओळखले जाते. याच सुमारास भिंगेही सुधारत होती. अर्न्स्ट आबे यांच्या गणितावरून येना येथील झाइस कारखान्याने १८७८ च्या सुमारास तेलात बुडवून वापरायची भिंगे बाजारात आणली आणि पूर्वी पुसट दिसणाऱ्या रेषा स्वच्छ दिसू लागल्या.

विस्कटलेले फोटो

आता खरे कठीण काम सुरू झाले. रंग दिलेली पेशी मेलेली असते. ती ज्या क्षणी मेली त्या क्षणाचेच चित्र ती दाखवते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा शेकडो पेशी. कुणात धाग्यांचा गुंता, कुणात तारा, कुणात दोन झुपके, तर कुणात नुसता गोल. यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते?

अशी कल्पना करा. एका माणसाने मराठी लग्न कधीच पाहिलेले नाही. त्याच्या हातात लग्नाचे शंभर फोटो दिले, तेही अल्बममधून निघून विस्कटलेले. एकात अंतरपाट धरलेला आहे. एकात वरमाला, एकात सप्तपदी, एकात जेवणाची पंगत, एकात डोळे पुसणारी आई. त्याने ते क्रमाने लावायचे आहेत. तो बराच गोंधळ करील. सप्तपदीनंतर अंतरपाट धरतात, असेही तो खुशाल ठरवील. क्रम पक्का करायचा तर त्याला एक तरी लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावे लागेल.

फ्लेमिंग यांनी नेमके हेच केले. रंगवलेल्या पेशींबरोबर त्यांनी सॅलॅमँडरच्या पिल्लातली जिवंत पेशीही पाहिली. एकच पेशी भिंगाखाली धरून ते तासन् तास बसत आणि दिसेल तसे कागदावर उतरवत. जिवंत पेशीत तपशील पुसट दिसे, पण क्रम खात्रीचा मिळे. रंगवलेल्या पेशीत क्रम कळत नसे, पण तपशील स्वच्छ दिसे. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी एकेक चित्र आपल्या जागी बसवले. तेव्हा हे काम डोळ्यांनी पाहून हातानेच करायचे होते.

त्यांना काय दिसले

विभाजन सुरू होताना केंद्रकातले जाळे दाट होते आणि त्यातून लांब धागे वेगळे दिसू लागतात. लोकरीचा गुंडा सैल झाल्यासारखा तो देखावा असतो. हळूहळू धागे आखूड आणि जाड होतात. केंद्रकाभोवतीचे आवरण नाहीसे होते. हीच आपली पूर्वावस्था. केंद्रक विरघळून जातो असे ज्यांना वाटत होते, ते इथेच फसले होते. आवरण जाते हे खरे, पण आतले धागे कुठेही जात नाहीत.

नंतर धागे पेशीच्या मधोमध एका पातळीत येतात. वरून पाहिले तर ते ताऱ्यासारखे दिसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक तंतूंची एक रचना तयार झालेली असते. ती मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. सूत कातायच्या चातीसारख्या या रचनेच्या तंतूंना आपल्या पुस्तकात तुर्कतंतू म्हणतात. ही मध्यावस्था.

पुढच्या अवस्थेत धागे दोन गटांत वेगळे होऊन विरुद्ध टोकांकडे सरकू लागतात. प्रत्येक धागा मध्येच वाकलेला असतो आणि वाकलेली बाजू पुढे असते, जणू कोणी त्याला मधोमध धरून ओढत आहे. ही पश्चावस्था. टोकाला पोहोचल्यावर धागे पुन्हा लांब व विरळ होतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्याभोवती नवे आवरण येते. एकाच्या जागी दोन केंद्रके होतात आणि मग पेशी मधून आवळली जाऊन दोन जन्य पेशी वेगळ्या होतात. ही अंत्यावस्था आणि तिच्यापाठोपाठ येणारे पेशीद्रव्याचे विभाजन.

एक गोष्ट त्यांनी बारकाईने नोंदवली. शेवटच्या घटना जणू सुरुवातीच्या घटनांच्या उलट क्रमाने घडतात. जाळ्याचे धागे होतात आणि धाग्यांचे पुन्हा जाळे होते. म्हणजे विश्रांतीच्या काळातही धाग्यांचा पदार्थ केंद्रकात असतोच, फक्त वेगवेगळे धागे दिसत नाहीत. पेशी जशी पेशीपासून होते, तसे केंद्रकही आधीच्या केंद्रकापासूनच होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सर्वांत महत्त्वाचा तपशील

या सगळ्यात एक तपशील असा आहे की परीक्षेत तो अर्ध्या गुणाचाही नसतो, पण शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. प्रत्येक धागा दुहेरी आहे, तो लांबीच्या दिशेने चिरलेला आहे, हे फ्लेमिंग यांना दिसले.

त्याचे महत्त्व समजून घेऊ. वेगवेगळ्या रंगांच्या चोवीस मण्यांची एक माळ आहे आणि ती दोन बहिणींना वाटून द्यायची आहे. माळ मधोमध कापली, तर प्रत्येकीला बाराच रंग मिळतील. उरलेले बारा रंग तिला कधीच मिळणार नाहीत. पण प्रत्येक मण्याचे उभे दोन भाग केले, तर दोघींनाही पूर्ण चोवीस रंगांची माळ मिळेल. धागा आडवा न तुटता उभा चिरतो, याचा अर्थ दोन्ही पेशींना सगळे काही मिळावे अशी ही व्यवस्था आहे. हा तर्क १८८३ मध्ये विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने स्पष्ट मांडला. आज आपल्याला ठाऊक आहे की विभाजन सुरू होण्यापूर्वीच पेशी आपल्या डीएनएची नक्कल करून ठेवते. म्हणूनच धागा दुहेरी दिसतो आणि वाटणीनंतरही कुणाचे काही कमी होत नाही.

चिरलेल्या धाग्याचा एक भाग एका टोकाला आणि दुसरा भाग दुसऱ्या टोकाला जात असावा, असे फ्लेमिंग यांना वाटत होते. परंतु तो क्षण त्यांना खात्रीने पाहता आला नव्हता, म्हणून त्यांनी ते सिद्ध झाले असा दावा केला नाही. १८८३ मध्ये बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेदेन यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांत ते दाखवून दिले. त्या जंताच्या पेशीत मोजकेच धागे असल्यामुळे ते पाहणे सोपे गेले.

१८८२ चा ग्रंथ आणि नावांची गोष्ट

१८८२ मध्ये लाइपझिग येथून फ्लेमिंग यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पेशीद्रव्य, केंद्रक आणि पेशीविभाजन हा त्याचा विषय. चारशेहून अधिक पाने आणि शेवटी आकृत्यांचे तक्ते. त्यातल्या आकृत्या आजही पेशीविज्ञानाच्या पुस्तकांत छापल्या जातात. माणसाच्या डोळ्यातील पारपटलाच्या पेशींचे विभाजनही त्यांनी यात दाखवले आहे. जे सॅलॅमँडरमध्ये घडते तेच माणसातही घडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या ग्रंथात त्यांनी या क्रियेला मायटोसिस हे नाव दिले. ग्रीक भाषेत मिटोस म्हणजे धागा. आता आपल्याकडचे शब्द पाहा. आपल्या इंदूरच्या मुलांना शाळेत हिंदी किंवा इंग्रजी पुस्तक असते आणि घरी मराठी असते. हिंदीत समसूत्री विभाजन, मराठीत सूत्री विभाजन. सूत्र म्हणजे धागाच. मंगळसूत्रातले आणि सुतळीतले सूत तेच. म्हणजे शब्द घोकण्याची गरजच नाही, तो फक्त नीट वाचायचा. फ्लेमिंग यांना कीलमध्ये जे दिसले, तेच आपल्या शब्दात लिहिलेले आहे.

गंमत अशी की आपण जी चार नावे पाठ करतो ती फ्लेमिंग यांची नाहीत. पूर्वावस्था, मध्यावस्था आणि पश्चावस्था यांची मूळ युरोपीय नावे १८८४ मध्ये एदुआर्द श्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिली. अंत्यावस्थेचे नाव १८९४ मध्ये मार्टिन हायडेनहाइन यांनी सुचवले. गुणसूत्रासाठी क्रोमोसोम हा शब्द १८८८ मध्ये वाल्डायर यांनी आणला. आणि हेही सांगायला हवे की विभाजनाच्या वेळी धागे दिसतात ही नोंद फ्लेमिंग यांच्या आधीही झाली होती. अँटन श्नायडर यांनी १८७३ मध्ये एका चपट्या कृमीत ते पाहिले होते. श्ट्रासबुर्गर यांनी १८७५ मध्ये वनस्पतींत पाहिले होते. शास्त्रातला मोठा शोध बहुधा एकट्याचा नसतो. फ्लेमिंग यांचे वेगळेपण असे की त्यांनी सुटे तुकडे जोडून एक सलग गोष्ट उभी केली आणि ती इतक्या पुराव्यांनिशी मांडली की वाद जवळजवळ मिटला.

दोनशे किलोमीटरचे अंतर

फ्लेमिंग यांच्या आयुष्यातली एक गोष्ट वाचून मन हळहळते. १८७३ ते १८७६ या काळात ते प्रागमध्ये होते. तिथून सुमारे दोनशे किलोमीटरवर ब्रनो शहरात एका मठाचे प्रमुख राहत होते. त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या रोपांवर आठ वर्षे प्रयोग करून त्यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधले होते. त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापूनही आला होता, पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. फ्लेमिंग यांच्याही तो दृष्टीस पडला नाही.

एकाकडे नियम होते, पण ते शरीरात नेमके कुठे पाळले जातात हे ठाऊक नव्हते. दुसऱ्याकडे ती जागा होती, पण तिथे कोणते नियम चालतात हे ठाऊक नव्हते. मेंडेल १८८४ मध्ये वारले. १९०० मध्ये त्यांच्या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले आणि १९०२-०३ मध्ये वॉल्टर सटन व थेओडोर बोव्हेरी यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. मेंडेल यांचे घटक फ्लेमिंग यांच्या धाग्यांवर असतात, हे तेव्हा लोकांना कळू लागले.

क्रोमॅटिनबाबतही असेच झाले. स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींमधून न्यूक्लीन नावाचा पदार्थ वेगळा केला होता. क्रोमॅटिन आणि न्यूक्लीन एकच असावेत, अशी शक्यता फ्लेमिंग यांनी १८८२ मध्येच बोलून दाखवली होती. न्यूक्लीन म्हणजेच आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो पदार्थ. त्याची रचना १९५३ मध्ये उलगडली.

उत्तरायुष्य

ग्रंथानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १८८७ मध्ये त्यांनी सॅलॅमँडरच्या शुक्रपेशी तयार होताना होणाऱ्या दोन निराळ्या विभाजनांचे वर्णन केले. पुढे अर्धसूत्री विभाजनाचा जो अभ्यास झाला त्याला याचा उपयोग झाला. त्यांच्या सगळ्याच गोष्टी बरोबर ठरल्या असे नाही. माणसाच्या पेशीतले धागे त्यांनाही बिनचूक मोजता आले नाहीत. ती संख्या ४६ आहे हे पक्के व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. ते काम स्वीडनमध्ये जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी केले.

४ ऑगस्ट १९०५ रोजी कील येथे फ्लेमिंग यांचे निधन झाले. आपण काढलेल्या धाग्यांवर सगळ्या सजीवांचा वारसा लिहिलेला आहे, ही कल्पना त्यांच्या अखेरच्या वर्षांत नुकतीच आकार घेत होती.

आज याचा उपयोग काय

पालकांना हा विषय केवळ शाळेपुरता वाटू नये, म्हणून दोन गोष्टी सांगतो. गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात, तेव्हा प्रयोगशाळेतील डॉक्टर काही प्रकारच्या गाठींत विभागत असलेल्या पेशी किती दिसतात हे मोजतात. अहवालात मायटोटिक असा शब्द येतो तो याच संदर्भात. त्या संख्येवरून गाठ किती वेगाने वाढते आहे याचा अंदाज येतो आणि उपचार ठरवायला मदत होते. ते डॉक्टर भिंगाखाली जे शोधतात ते फ्लेमिंग यांनी रेखाटलेले तारे आणि झुपकेच असतात.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. सदाफुलीचे झाड सर्वांनी पाहिले असेल. या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही दोन औषधे मिळतात. ती तुर्कतंतू तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे धागे मध्यावस्थेच्या पुढे जाऊ शकत नाहीत आणि पेशीचे विभाजन अडकते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टीन वापरतात. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने मात्र खाऊ नयेत. झाड विषारी आहे आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते.)

स्वतः पाहा

सॅलॅमँडर आपल्याला मिळणार नाही, पण कांदा प्रत्येक घरात आहे. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेवा की त्याचा खालचा भाग पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्या मुळांच्या टोकाशी पेशी भराभर विभागत असतात. पुढचे काम शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या किंवा बाईंच्या देखरेखीखाली करायचे, कारण त्यात आम्ल वापरावे लागते. टोक रंगवून काचपट्टीवर हलकेच दाबले की पेशी पसरतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात.

पहिल्यांदा पाहाल तेव्हा निराशा होईल. बहुतेक पेशींत नुसता गोल केंद्रक दिसेल, कारण पेशीचा बराचसा काळ विभाजनाची तयारी करण्यात जातो. काचपट्टी सावकाश सरकवत राहा. कुठेतरी गुंता दिसेल, कुठेतरी मधोमध रांगेत आलेले धागे, तर कुठेतरी दोन टोकांना निघालेले दोन झुपके. दिसेल तसे वहीत काढा. पुस्तकातली आकृती समोर ठेवून काढू नका. मग आपल्या आकृत्या क्रमाने लावून पाहा आणि शेजारच्या मित्राने वेगळा क्रम लावला असेल तर त्याचे कारण त्याला विचारा.

चार नावे पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. ती जरूर करा, परीक्षेत लागतात. पण फ्लेमिंग यांच्याकडून घेण्यासारखे त्यापलीकडे आहे. जेवढे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. जे दिसले नाही, ते पुढच्यांसाठी सोडले. आणि एका पेशीसमोर तासन् तास बसायचा त्यांना कंटाळा आला नाही. शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवायला घेतलेला नसतो. तो मागून घ्या, पुसा आणि डोळा लावा.